माझ्या तोंडावरचे परके डोळे

माझ्या सुनेला मी नावं ठेवते, तो माझा हक्क आहे. ती उशिरा उठते, भांडी घासताना नळ सोडून ठेवते, आणि काही विचारलं की आधी सुस्कारा टाकते, मग उत्तर देते. हे सगळं मी तिला तोंडावर बोलते, आणि तीही मुकाट ऐकून घेणाऱ्यातली नाही. आमच्या घराच्या भिंती आमचं ऐकून ऐकून बहिऱ्या झाल्या असतील. पण बाहेरच्या कुणी तिला दारातून परत पाठवायचं म्हणजे काय? ते मी खपवून घेत नाही.

आमचं पाट्या रंगवायचं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या मागची अक्षरं, भिंतीवरच्या जाहिराती. आमचे हे गेल्यापासून मीच चालवते. शाळेत मी फार टिकले नाही. अक्षरं मला रंगवून रंगवून ओळखीची झाली. मग छापील फ्लेक्स आले आणि अर्धी गिऱ्हाइकं तिकडे पळाली. मुलगा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. दुकानात उरलो आम्ही दोघी, सासू आणि सून, आणि रंगाचे डबे.

सून चेहरे काढते. भिंतीवर काढते ते पोटासाठी, फोनवर बोटानं काढते ते मनासाठी. फोनही कसला, नवऱ्यानं वापरून टाकलेला. एकदा पायरीवरून पडला तेव्हापासून त्याचा खालचा कोपरा मेला. तिथं बोट लावलं तर काही उमटत नाही. मग ती चित्र उलटं करते आणि माणसाची हनुवटी वरच्या बाजूला घेऊन रंगवते. मी म्हणायची, "बघा, माणसं डोक्यावर उभी केली हिनं." पण सुलट केल्यावर गल्लीतला माणूस न् माणूस ओळखू यायचा. ते मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज काय, तिला दिसतच होतं.

मुलांचे सिनेमे काढणाऱ्या एका कंपनीला तिनं हे चेहरे पाठवले. त्यांचं उत्तर आलं: चेहरे आवडले, काम देऊ, पण आमची सगळी चित्रं आता नव्या यंत्रावर होतात, त्या यंत्रावर हात बसला की या. आणि ते यंत्र आमच्या मोठ्या रस्त्यावरच्या कलाकेंद्रात आलेलं होतं. टेबलाएवढी तिरकी काच. तिच्यावर पेन चालवलं की तैलरंग हवा तर तैलरंग उमटतो, कोळसा हवा तर कोळसा. काढलेला चेहरा फिरवून त्याचा कानामागचा भागसुद्धा बघता येतो. केंद्रवाले चाचणी घेणार होते, आणि त्यात निवडलेल्या मोजक्या जणांना ते यंत्र वर्षभर घरी वापरायला देणार होते. सुनेनं ते खिडकीच्या काचेतून बघितलं आणि घरी आली. त्या दिवशी तिनं एकदाही सुस्कारा टाकला नाही. तेव्हाच मी ओळखलं, हिला ते हवंय. अन्नापाण्यासारखं हवंय.

केंद्राच्या दारावर मोठी पाटी होती: 'सर्व कलाकारांसाठी खुले'. छापील पाटी. 'सर्व' एका टोकाला आणि 'खुले' दुसऱ्या टोकाला, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. तीन वेळा सून आत गेली आणि तीन वेळा परत आली. चौथ्या वेळी मी बरोबर गेले.

काउंटरवर एक पोरगी बसली होती. नखं रंगवलेली, नजर स्क्रीनवर.

"नाव नोंदवायचं असेल तर ॲपवरून," ती म्हणाली. वर बघायचेही कष्ट नाहीत.

"ते ॲप हिच्या फोनवर चढत नाही. तीनदा सांगून झालंय."

"फोन जुना असेल. नवा घ्यावा लागेल, काकू."

"मी तुझी काकू कुठल्या अंगानं गं? आणि नवा फोन, नवं यंत्र हे सगळं आमच्या घरी असतं तर आम्ही तुझं तोंड बघायला आलो असतो का?"

सून माझी बाही ओढत होती. "आई, चला. मी नंतर बघते."

"तू काय बघणार? तू बघतेसच आहेस काचेतून."

आवाज ऐकून आतून व्यवस्थापक आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट, बोलणंही तसंच, कुठं पकड सापडायची नाही. मी मनात त्याचं नाव गुळगुळ्या ठेवलं आणि घरी तेच पडलं. तो म्हणाला, "आजी, नियम सगळ्यांना सारखा आहे. ॲपवर पाळी उघडते, जो आधी दाबेल त्याला मिळते. यात आम्ही कुणाला डावलत नाही."

"ज्याच्याकडे दाबायला काही नाही, त्यानं काय कपाळ दाबायचं?"

"आपण शांतपणे बोलू या का?"

"मी शांतच आहे. चिडलेली तुम्ही अजून बघितली नाही. विचारा हिला."

सून म्हणाली, "खरंय ते." तिचं माझ्या बाजूनं बोललेलं हे आयुष्यातलं पहिलं वाक्य असेल.

गुळगुळ्यानं हात जोडले, म्हणजे निघा. मी निघाले, पण बाहेर नाही, आत. काचेच्या दारामागे ते यंत्र होतं आणि त्याच्यापुढे एक खुर्ची रिकामी होती. मी जाऊन तिच्यात बसले. मऊ खुर्ची, गोल फिरणारी. हातात कॉफीचा कागदी पेला घेतलेला एक दाढीवाला तरुण धावत आला.

"आजी, हा माझा स्लॉट आहे."

"स्लॉट म्हणजे खुर्चीच ना? मग तिच्यात मी बसलेय."

"पण मी आठवडाभर आधी बुक केलाय!"

"छान केलंस. माझ्या सुनेनं दारावरची पाटी वाचून पाय झिजवलेत. तुझं बोट आणि तिचे पाय, आता तूच ठरव कुणी जास्त केलं."

तो पेला घेऊन गुळगुळ्याकडे बघायला लागला. गुळगुळ्या वॉचमनकडे बघायला लागला. वॉचमन छताकडे. म्हाताऱ्या बाईला उचलायची कुणाची छाती नव्हती, आणि तेवढ्यात काही पाहुणे केंद्र बघायला आले होते आणि त्यांनी विचारलं, "या कोण?" गुळगुळ्या हसून म्हणाला, "या आमच्या वस्तीतल्या कलाकारांच्या प्रतिनिधी." मी म्हटलं, "प्रतिनिधी असेन तर माझ्या सुनेचं नाव चाचणीत लिहा. आत्ता. माझ्यासमोर." पाहुण्यांसमोर त्याला नाही म्हणता येईना. सगळ्यात शेवटची पाळी मिळाली. ती शेवटची का, ते मला कळलं होतं. शेवटच्याकडे परीक्षक कंटाळून बघतात.

रस्त्यात सून म्हणाली, "तुम्ही मला मान खाली घालायला लावता."

"घाल की. चित्र काढताना तशीही खालीच असते."

चाचणीत प्रत्येकानं आपला बसणारा माणूस बरोबर आणायचा आणि त्याचा चेहरा काढायचा, असं होतं. मुलगा लांबच्या फेरीवर गेला होता. सून दोन दिवस शेजारणींना विचारत फिरली, पण तितका वेळ बसायला कुणी तयार होईना. शेवटी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुम्ही बसाल का?"

"इतक्या जणींना विचारून झाल्यावर?"

"तुम्हाला गप्प बसावं लागेल म्हणून विचारलं नव्हतं."

मी बसले. का ते सांगते. आमच्या दुकानात कुणाचा चेहरा काढायचा असला की हे मलाच बसवायचे. कपाळ, नाक, गाल माझ्यावरून शिकायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या फोटोवरून फिरवून घ्यायचे. मला बसता येतं. माशी बसली तरी मी हलत नाही.

त्या दिवशी हॉल भरलेला होता. यंत्रं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाच्या मागे मोठा पडदा, म्हणजे काय काढतोय ते लोकांना दिसावं. फोटो काढणारे इकडून तिकडे पळत होते. परीक्षकांत एक वयस्कर चित्रकार बाई होत्या, केस पांढरे, हाताला रंगाचे डाग. त्यांच्याकडे बघून मला जरा बरं वाटलं. बाकीचे परीक्षक सुटातले.

सुनेनं पेन हातात घेतलं आणि पहिल्यांदा नुसतंच काचेवर फिरवलं, जसं आपण नव्या कापडावर हात फिरवतो. मग माझ्याकडे बघायला लागली. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतो, पण इतकं सरळ, न भांडता, आम्ही एकमेकींकडे कधी बघितलं नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं. तिलाही झालं असणार. पण पेन थांबलं नाही. माझ्या मागच्या पडद्यावर काय उमटतंय ते मला समोरच्या खिडकीच्या काचेत दिसत होतं. कपाळावरच्या आठ्या, नाकाच्या शेंड्यावरची पुटकुळी, गालाची ढिली कातडी. एक सुरकुती सोडली नाही बाईनं. सूड घेतेय की काय, असं वाटलं. पण खरं सांगते, माझं तोंड तसंच आहे.

डोळ्यांच्या जागी तिनं पांढरं सोडलं होतं. आमच्या दुकानाची तशी रीतच आहे. आख्खा चेहरा पुरा होईपर्यंत डोळ्यांना हात लावायचा नाही. हे सांगायचे, डोळे आधी काढले की ते रंगवणाऱ्याला दटावतात, मग तो उरलेला चेहरा त्यांना खूश करायला काढतो. आणि डोळे झाल्याशिवाय बसणाऱ्यानं उठायचं नाही. सून आमच्याकडे आल्यावर हेच शिकली.

सगळा चेहरा झाला. तिनं पेन काचेवरून उचललं, मान मोकळी केली, आणि डोळे काढायच्या आधी माझ्याकडे नीट बघायला लागली. तेवढ्यात हॉलमधून "वा!" असा आवाज आला.

खिडकीच्या काचेत मी बघितलं. माझ्या तोंडावर डोळे होते.

सुनेनं काढले नव्हते. तिचा हात तिच्या मांडीवर होता. यंत्रानं आपण होऊन ते भरले होते. त्या यंत्रात एक 'मदतनीस' असतो म्हणे. पेन जरा थांबलं की चित्रात काय कमी आहे ते बघून तो पुरं करून टाकतो. जे रोज येऊन बसतात त्यांना तो बंद कसा करायचा ते ठाऊक, चालू कधी ठेवायचा तेही ठाऊक. आम्हाला कुणी सांगणार? आम्ही तर काचेबाहेरचे. आणि तेव्हाच घंटा झाली, वेळ संपली, काच गोठली.

आणि डोळे तरी कसले! ओले, मायाळू, जगाला माफ करून बसलेले. गोष्टी सांगणाऱ्या आजीचे. माझ्या आठ्यांखाली ते डोळे म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून बसलेला पाहुणा.

सुटातले परीक्षक पुढे आले. "काय करुणा आहे बघा नजरेत!" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "या चेहऱ्यानं आमच्या केंद्राचं सगळं म्हणणं सांगितलं." गुळगुळ्याचा चेहरा तर उजळला होता. त्यानं फोटोवाल्यांना हात केला. "वस्तीतली कलाकार, तिची सासू आणि नवं तंत्रज्ञान. एका फ्रेममध्ये घ्या."

एवढंच नाही, त्यानं सुनेच्या कानात सांगितलं, मला ऐकू आलं, "तुमची जागा पक्की समजा."

मी वाट बघत होते. सून हसेल, हात जोडेल, यंत्र घरी येईल, कंपनीचं काम येईल. तिनं मात्र पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "डोळे माझे नाहीत."

"म्हणजे?"

"मी डोळे काढलेच नव्हते. ते तुमच्या यंत्रानं काढले. मला ते पुसून माझे काढू द्या."

गुळगुळ्या हसला. "अहो, मदतनीस सगळ्यांनीच वापरलाय. त्यात लपवण्यासारखं काही नाही."

"लपवत नाहीये, सांगतेय. मला थोडा वेळ द्या."

"वेळ संपली. नियम सगळ्यांना सारखा."

मी खुर्चीतूनच, मान न हलवता, दातांतून म्हटलं, "अगं, घे ना मुकाट्यानं! मी या माणसाची खुर्ची अडवली ती कशासाठी? यंत्र घरी आण, मग काढ हवे तेवढे डोळे."

सून माझ्याजवळ आली आणि वाकली. हळू बोलली, पण चांगलीच धार होती. "आई, तुम्ही माझ्याकडे असं कधी बघितलंय?"

"नाही."

"कधी बघाल?"

"नाही. का बघू?"

"मग हे खोटं तोंड माझ्या नावावर का लावून घेऊ? तुम्ही खडूस आहात. मी खडूसच काढलं होतं. तेवढंच चांगलं जमत होतं."

तिनं मला चारचौघांत खडूस म्हटलं आणि मला राग आला तो गुळगुळ्याचा.

चित्रकार बाई पुढे झाल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पडद्याकडे. "ही खरं बोलतेय," त्या म्हणाल्या. "हे डोळे या बाईंचे नाहीत. हिला वेळ द्या."

"द्यायला हरकत नाही," सुटातला एक म्हणाला, "पण मग बाकीच्यांनाही द्यावा लागेल. त्यांचंही मदतनीसानं काय काय काढलंय ते पुसावं लागेल."

"पुसा की," मी म्हटलं.

तो कॉफीवाला दाढीवाला आपल्या पडद्याकडे वळला. त्यावरच्या मुलीचे केस, कानातले, मागचं झाड, काय त्याचं आणि काय यंत्राचं, देवच जाणे. पुसायला पेन कुणीच उचललं नाही. चित्रकार बाईंनी दोन वेळा विचारलं, "पुसायचं का?" सुटातल्यांनी आपापसांत कुजबुज केली आणि निकाल दिला: ज्या स्पर्धकाला आपलं चित्र आपलं वाटत नाही, तिचं चित्र अपूर्ण धरलं जाईल.

जागा गेली. दाढीवाल्याला मिळाली एक. चित्रकार बाई आपली पिशवी उचलून निघून गेल्या, आणि जाताना सुनेच्या खांद्याला हात लावून गेल्या. त्यानं काही यंत्र घरी येत नाही.

मी मात्र उठले नाही. "डोळे झाल्याशिवाय बसणारी उठत नाही," मी म्हटलं. त्यांनी दिवे मालवले. काच काळी झाली, मी अंधारात बसून राहिले. शेवटी सून म्हणाली, "चला आता. माझ्यामुळे गेली जागा, तुमच्यामुळे नाही. उगाच श्रेय घेऊ नका." तेव्हा उठले.

घरी आठवडाभर आम्ही बोललो नाही. म्हणजे भांडलोसुद्धा नाही, इतकं वाईट झालं होतं. एका सकाळी माल घेऊन येणारा टेम्पोवाला म्हणाला, "आजी, तुमचा फोटो लागलाय की मोठ्या रस्त्यावर! काय गरीब दिसताय!"

आम्ही दोघी गेलो. केंद्राच्या भिंतीवर, दाराच्या शेजारी, घराएवढा फ्लेक्स. माझं तोंड. माझ्या आठ्या, माझी पुटकुळी, आणि ते ओले डोळे. खाली अक्षरं: 'तंत्रज्ञान सर्वांसाठी'. ज्या चित्राला त्यांनी अपूर्ण ठरवून बाहेर काढलं, तेच चित्र त्यांनी भिंतीवर लावलं होतं. सुनेचं नाव कुठं नव्हतं.

काउंटरवरच्या पोरीला विचारलं तर म्हणाली, "आमच्या यंत्रावर काढलेलं चित्र आमचं असतं. नोंदणीच्या वेळी मान्य केलंय तुम्ही."

"नोंदणी कुणी केली?"

"साहेबांनी. तुमच्या वतीनं."

सून तडक मागे फिरली, मी तिच्यामागे. दुकानात गेली आणि शिडी खांद्यावर घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात काळ्या आणि पांढऱ्या ऑइल पेंटचे डबे. मी विचारलं, "कुठं?" ती म्हणाली, "मला बसायला माणूस लागेल."

भर दुपारी, येणारेजाणारे बघत असताना, तिनं शिडी त्या भिंतीला लावली. मी समोर, रस्त्याच्या कडेला, रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले. तिनं आधी पांढऱ्यानं ते ओले डोळे बुजवून टाकले. दोन आंधळ्या खोबणी झाल्या. लोक थांबायला लागले. काउंटरवरची पोरगी दारात येऊन आत पळाली.

मग गुळगुळ्या आला, बूट वाजवत, हात नाचवत. "खाली उतरा! हे नुकसान आहे! मी पोलिसांना बोलावतो! आजी, तुम्ही तरी सांगा हिला!"

मी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आजवर ज्या ज्या काउंटरवरून आम्हाला परत पाठवलं, त्या सगळ्यांचं देणं त्या एका नजरेत द्यायचं मी ठरवलं. त्याचे नाचणारे हात हवेतच राहिले.

वर शिडीवर सून माझ्याकडे मान वळवून बघत होती. ब्रश काळ्यात बुडवलेला, हात फ्लेक्सवर टेकलेला.

"आई, हलू नका," ती म्हणाली. "हां. हेच. असंच बघत राहा त्याच्याकडे."